मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत: ऑक्सिजन कमी की अमोनिया जास्त?

झाडांनी भरलेल्या छोट्या टँकमध्ये मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकू लागले, की निदान ठरलेलं असतं: ऑक्सिजन कमी पडला. मग एअर पंप लावला जातो. कधी मासे सावरतात, कधी पंप घुरघुरत राहतो आणि मासे मरतात. याचं कारण, अमोनियाची विषबाधाही हुबेहूब अशीच दिसते. दोन्हीकडे बिघाड कल्ल्यांपाशीच होतो. पहिल्यात कल्ले धड असतात, पण पाण्यात ओढून घ्यायला ऑक्सिजन नसतो. दुसऱ्यात पाण्यात ऑक्सिजन असतो, पण सुजलेल्या कल्ल्यांना तो घेता येत नाही.

फरक ओळखायला आधी घड्याळ बघा.

झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात हे शाळेपासून पाठ असतं. रात्री तीच झाडं माशांच्या जोडीने ऑक्सिजन वापरतात, हे मात्र लक्षात राहत नाही. म्हणून गच्च झाडांचा टँक दिवसभर मजेत असतो आणि पहाटे अडचणीत येतो. ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो दिवा लागायच्या थोडा आधी. त्या वेळी मासे वर आणि उजेडात तास-दोन तास गेल्यावर पुन्हा खाली, असं रोज होत असेल तर प्रश्न ऑक्सिजनचाच समजा. पाणी गरम असेल तर आणखी ओढाताण होते: 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये फार तर 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात, आणि गरम पाण्यात माशांना तो लागतोही जास्त. पाण्यावर तेलकट तवंग असेल तर बाहेरची हवाही नीट आत येत नाही.

अमोनियाचं वेळापत्रक जवळजवळ उलटं असतं. माशांच्या शरीरातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून येणारा हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम बराच निरुपद्रवी, आणि झाडांना तो खत म्हणून आवडतो; मुक्त अमोनिया विषारी. कुठलं रूप किती, हे मुख्यतः पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचं माप, ठरवतो. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे दहापट! आता दुपारचा टँक डोळ्यासमोर आणा. झाडांनी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलाय, पीएच चढलाय. मापात अमोनिया तेवढाच, पण विष वाढलेलं. पहाटे बरे दिसणारे मासे दुपारी वर येऊ लागले, किंवा दिवसभर वरच राहिले, तर टेस्ट किट काढा आणि अमोनियाबरोबर पीएचही मोजा. नुसता अमोनियाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. जिवाणू अमोनियाचं जे नायट्राइट बनवतात, तेही तपासलेलं बरं. त्याने रक्तच ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि कल्ले तपकिरी पडतात.

टँक नवा असून अमोनिया संपवणारे जिवाणू अजून वाढले नसतील, फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुतल्याने ते मेले असतील किंवा मुळांत एखादी गोगलगाय मरून कुजत असेल, तर संशय अमोनियावरच घ्यावा. (बेटा आणि गुरामी मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.)

पाणी बदललं की दोन्ही प्रकारांत मासे थोडे सावरतात, आणि इथेच फसगत होते: खरं कारण तसंच राहतं. अमोनिया असेल तर पाणी बदलावं, पण क्लोरीन काढून, आणि नव्या पाण्याचा पीएच बघून. टँकचं पाणी आम्लधर्मी आणि नवं पाणी बरंच अल्कधर्मी असेल, तर साठलेलं अमोनियम विषारी रूपात जाऊन उपाय उलटतो. दोन दिवस खाद्य बंद ठेवलं तरी निरोगी मासे सहज निभावतात. ऑक्सिजन कमी असेल तर तवंग काढा, पृष्ठभाग हलता ठेवा, झाडं विरळ करा. एअर पंपाचे बुडबुडेही काम करतात ते मुख्यतः पृष्ठभाग ढवळूनच.

एक गुंता मात्र राहतो. अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. रोज रात्री तो तुटत राहिला तर त्यांचं कामही मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. तेव्हा ही दोन्ही लक्षणं एकत्र येतात, मासे पहाटेही वर आणि दुपारीही. अशा वेळी निदानात वेळ घालवू नये. आधी पृष्ठभाग हलता करावा आणि लगेच पाणी बदलावं.