कोल्हापूरची चित्रकला: आधी पडदे, मग दालने

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, पण चित्रे टांगायला हक्काच्या भिंती या शहराला बऱ्याच उशिरा मिळाल्या. आधी चित्रकार आले, मग शिकवणाऱ्या संस्था, आणि जपणारी दालने सर्वांत शेवटी. टाऊन हॉल, शाहू स्मारक भवन किंवा राजारामपुरीतले मांढरे संग्रहालय पाहताना काही पिढ्या भरभरून भेटतात, काहींचे मोजकेच काम दिसते. त्याचे कारण याच क्रमात आहे.

आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परतले आणि राजर्षी शाहूंच्या पदरी दरबारी चित्रकार झाले. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ही त्यांची चित्रे काढण्याची नेहमीची ठिकाणे. दरबाराने त्यांना निर्वाह आणि निवांतपणा दिला, मात्र चित्रांची नोंद, क्रमांक, साठवण अशी व्यवस्था तेव्हा कुठेच नव्हती. १९२२ साली महाराज गेल्यावर आबालालनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तळ्यात बुडवली, अशी कथा शहरात अजून सांगतात. कथेत अतिशयोक्ती असेलही. पण त्यांचे फार थोडे काम आज आपल्यासमोर आहे, ही हानी खरीच आहे.

दुसरा उगम नाटकाच्या पडद्यांत आहे. कोल्हापूरच्या रंगशैलीचा पाया दरबारापेक्षा इथेच जास्त घातला गेला, असे आमचे मत आहे. मेस्त्री घराण्यातले आनंदराव आणि बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. मांजरपाटाचे पट्टे शिवून वीस-तीस फुटी कापड तयार करायचे, ताणून त्यावर सरसाच्या (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाच्या) पातळ पाण्याचा हात मारायचा, चौकटी पाडून लहान रेखाटन मोठे करायचे, आणि खडूच्या भुकटीत मिसळलेले कोरडे रंग गरम सरसात कालवून भराभर लावायचे, अशी या कामाची रीत. सरस निवला की गोठतो, म्हणून भांडे सतत कोमट ठेवावे लागे. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की बराच फिका पडतो. उद्या तो कसा दिसेल हे आजच ओळखता आले पाहिजे. सरस जास्त पडला तर पडदा गुंडाळताना रंग तडकतो, कमी पडला तर हात लागताच भुकटी झडते. ओल धरली की वास आणि बुरशी ठरलेली. मोठे आकार, उजेड-सावलीचे ठळक भाग आणि दुरून वाचता येणारी रचना ही सवय या कामातून लागली. पुढे बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे नेपथ्य आणि हाताने रंगवलेली पोस्टर्स यांतही ती दिसते. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हेही पडदे रंगवण्याच्या याच कारखान्यातून घडले.

कारखान्यात शिकणे म्हणजे रंग घोटण्यापासून सुरुवात. या पद्धतीतून हात तयार होत, पण प्रमाणपत्र मिळत नसे. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचे तर सरकारमान्य परीक्षा हवी. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन महाविद्यालय यांचे महत्त्व इथे आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि पुढे पदविकेची वाट त्यांनी गावातच खुली केली आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठण्याची सक्ती राहिली नाही.

शिल्पकलेने मात्र दालनाची वाट पाहिली नाही. १९४२ च्या आंदोलनात विद्रूप झालेल्या, मुंबईचा माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन याच्या पुतळ्याच्या जागी १९४५ मध्ये बाबुराव पेंटरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आजचा शिवाजी चौक तो हाच.

टाऊन हॉलमधले आजचे संग्रहालय १९४६ साली सुरू झाले, तेही चित्रांसाठी नव्हे. ब्रह्मपुरीच्या टेकाडाच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू ठेवायला जागा हवी होती. नंतर ते १८७० च्या दशकात बांधलेल्या टाऊन हॉलच्या गॉथिक इमारतीत आले आणि स्थानिक चित्रकारांची चित्रेही तिथे विसावली. सभेसाठी बांधलेल्या अशा वास्तूत उंच खिडक्या असतात. माणसांना त्या सुखाच्या, पण जलरंगांना घातक. जलरंगाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड सोसत नाही. खिडकीजवळचा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. आधी गुलाबी आणि जांभळ्या छटा उडतात आणि संध्याकाळचे आकाश करडे होते.

चंद्रकांत मांढरे (१९१३–२००१) हे सिनेनट म्हणून महाराष्ट्राला ठाऊक, पण पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रे पाहण्यासाठी त्यांच्या घरातल्या संग्रहालयातच जायला हवे. कोरडी रंगभुकटी बोटाने आणि कापसाने कागदावर घासत छटा चढवायच्या, असे हे तंत्र. तैलरंगासारखा धरून ठेवणारा पदर इथे नसतो. म्हणून काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, जाडी हवी. काचेऐवजी अॅक्रिलिक लावले तर पुसताना त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि भुकटी ओढली जाते.

आज नवे काम दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात लागते, आणि ‘रंगबहार’ संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवून चित्रकारांना थेट लोकांसमोर बसवते. ही दोन्ही ठिकाणे चार दिवसांच्या प्रदर्शनांची आहेत. कायमचा साठा ठेवणे त्यांचे काम नाही. त्यामुळे विसाव्या शतकातले पुष्कळ कोल्हापुरी काम अजून घराघरांत आहे.

ते वाचवायचे तर पावसाळ्यापूर्वीच हात घालावा लागतो. बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये; दुसरी जागा नसेल तर चौकटीच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी. मागचा जुना हार्डबोर्ड किंवा प्लायवुड आम्ल सोडतो आणि कागद तपकिरी पडतो, म्हणून तो काढून आम्लविरहित पुठ्ठा घालावा. कागदावर बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नये. चित्र आधी सावलीत पूर्ण वाळू द्यावे आणि मग मऊ ब्रशने, नाकातोंडावर मास्क लावून, बुरशी हलकेच झाडावी. पावडर शेडिंगला मात्र ब्रश लावू नये, रंगच निघून येईल. असे चित्र चौकटीसकट आडवे धरून संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रे जपण्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्यावे. आणि चित्राच्या पाठीवरची सही, तारीख किंवा दुकानाची चिठ्ठी टाकून देण्याआधी तिचा फोटो जरूर काढावा.