समन्स घेऊन बेलिफ (कोर्टाचे कागद पोचवणारा कर्मचारी) दाराशी आला तर सही करा
(फक्त आमच्या पक्षकारांसाठी. वकिलांना जाहिरातीची मुभा नाही, म्हणून हे पत्रक शेजारी वाटू नये.)

“साहेब, मी समन्स घेतलंच नाही, मग माझ्यावर एकतर्फी हुकूमनामा झालाच कसा?” हे आम्ही इतक्यांदा ऐकतो, की शेवटी छापूनच ठेवलं. (समन्स म्हणजे दाव्यात हजर व्हा असा कोर्टाचा कागद; एकतर्फी हुकूमनामा म्हणजे तुमची बाजू न ऐकता झालेला निकाल.)

समन्स नाकारलं, की बेलिफ प्रत दारावर चिकटवतो, कुणासमक्ष चिकटवली ते अहवालात लिहितो आणि कोर्ट बजावणी झाली, म्हणजे समन्स तुम्हाला पोचलं, असं जाहीर करू शकतं. पोस्टानं आलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यानं परत गेलं तरी तेच. सही केली म्हणजे दावा कबूल केला असं होत नाही. कागद हाती पडला, एवढाच तिचा अर्थ. “सही करू नकोस” सांगणाऱ्या चाळीतल्या जाणकारांमुळे आमचं काम वाढतं, तरीही सांगतो, त्यांचं ऐकू नका.

कैफियतीला, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराला, समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात. कारण पटलं तर कोर्ट 90 पर्यंत देतं. व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर तो हक्कच जातो. तारखेला तुमच्या बाजूनं कुणीच उभं राहिलं नाही, तर दावा एकतर्फी चालतो. वादीला, म्हणजे दावा लावणाऱ्याला, पुरावा द्यावा लागतो खरा, पण त्याच्या प्रतिज्ञापत्रावर उलटतपास घ्यायला कुणी नसतं.

निकालाआधी कळलं, तर सबळ कारण देऊन पुन्हा सामील होता येतं. निकालानंतर मात्र हुकूमनामा रद्द करून मागणारा अर्ज 30 दिवसांत हवा. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. नुसतं “बजावणीत चूक होती” म्हणून भागत नाही. तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता असं दिसलं, तर कोर्ट त्या चुकीवर हुकूमनामा रद्द करत नाही. रद्द केला तरी खर्च किंवा काही रक्कम भरायची अट घालू शकतं.

या अर्जाची फी कैफियतीपेक्षा जास्त का, असंही विचारतात. रोजनामा (दर तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), बेलिफचा अहवाल, सही-शिक्क्याच्या नकला, उशीर झाला असेल तर त्याच्या माफीचा वेगळा अर्ज, एवढं सगळं गोळा करावं लागतं. समन्स वाचून पुढे काय करायचं ते सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.

तेव्हा समन्स पाकिटासकट आणा, मिळाल्याची तारीख वर लिहून. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर सगळी पानं पाठवा, पहिलंच नको. आणि कोर्ट कुठलं ते नीट वाचा: मुंबईचं सिटी सिव्हिल कोर्ट फोर्टलाही आहे आणि दिंडोशीलाही. चुकीच्या इमारतीत दुपारपर्यंत बसून राहिलेले पक्षकार आम्ही पाहिलेत.