कुरणातील खनिज-न्यूनता

केवळ नैसर्गिक कुरणावर चरणाऱ्या जनावरांना चाऱ्यातून आवश्यक खनिजे पुरेशी न मिळाल्याने उद्भवणारी स्थिती. गवत पोटभर, हिरवेगार असते आणि तरी जनावर खंगत जाते. त्यामुळे दोष अनेकदा जंतांवर किंवा जातीवर ढकलला जातो.

कोबाल्टचे उदाहरण बोलके आहे. गवताला स्वतःच्या वाढीसाठी कोबाल्ट जवळजवळ लागत नाही, म्हणून ते नसलेल्या जमिनीतही कुरण जोमदार दिसते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना मात्र ब-१२ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी ते हवे असते. शुष्क चाऱ्यात किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅमहून कमी कोबाल्ट असले की मेंढ्यांची भूक मंदावते व त्या रोडावतात. त्याच रानात रवंथ न करणारे घोडे धडधाकट राहतात. न्यूझीलंडमध्ये हा रोग लोहाच्या अभावाने होतो असे मानून लिमोनाइट हे लोहखनिज चारत, आणि गुणही येई. पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड व फिल्मर या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवले, की गुण लोहाचा नसून त्यात मिसळलेल्या किंचित कोबाल्टचा होता. उपाय बरोबर आणि कारण चूक, असा हा दुर्मीळ प्रकार!

सर्वाधिक आढळणारी उणीव स्फुरदाची (फॉस्फरसची). गवत पक्व होऊन वाळले की त्यातील स्फुरद झपाट्याने घटते. असे गवत खाणारी गुरे हाडे, माती, लाकूड चघळतात. दक्षिण आफ्रिकेत गुरांना लुळे करून मारणाऱ्या ‘लामसिक्टे’ रोगाची साखळी पशुवैद्यक आर्नल्ड टायलर यांनी १९२०च्या सुमारास उलगडली : स्फुरदाची भूक, मेलेल्या जनावराची हाडे चघळणे आणि हाडांवरच्या कुजक्या मांसातील जंतूंचे विष. हाडांची भुकटी चारताच ही ओढ थांबे. पूरक स्फुरद कोरड्या ऋतूत द्यावे असे वाटते. पण तेव्हा प्रथिनेच अपुरी असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही. जनावर वाढते ते पावसाळ्यात, आणि खरी गरजही तेव्हाच असते.

तांब्याचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही मॉलिब्डेनम व गंधक जास्त असल्यास ती कोठीपोटात तांब्याला बांधून टाकतात. काळी लोकर फिकी पडते, तिची कुरळी लहर जाते. गाभण मेंढीला उणीव असेल तर कोकरांचे मागचे पाय लटपटतात. मात्र मेंढीला जास्तीचे तांबे विषारी ठरते. सेलेनियमच्या अभावी कोकरांचे व वासरांचे स्नायू पांढुरके होतात. त्याचाही अतिरेक घातक. मॅग्नेशियमची उणीव कोवळ्या, भराभर वाढणाऱ्या गवतावर गाठते आणि गाय आचके देत काही तासांत मरू शकते.

निदानासाठी केवळ माती किंवा गवत तपासून भागत नाही. यकृतातील साठा रिकामा होत आला तरी रक्तातील तांबे बराच काळ सामान्य दिसते, म्हणून यकृताचा नमुना अधिक विश्वासार्ह. उपचारात खनिजमिश्रण, चाटण विटा, खतातून किंवा टोचून खनिज देणे हे मार्ग आहेत; पण चाटण विटेकडे काही जनावरे फिरकतही नाहीत. कोबाल्टसाठी जड गोळी गिळवतात. ती पोटात राहून हळूहळू झिजते. तिच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे पुट चढू नये म्हणून घासणीसाठी पोलादी स्क्रूही सोबत गिळवला जाई.