गुणाकार लहान, तरी विरघळतं जास्त

२५ अंश सेल्सिअसला सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८ × १०⁻¹⁰ असतो आणि सिल्व्हर क्रोमेटचा १.१ × १०⁻¹². यातला कोणता क्षार पाण्यात जास्त विरघळेल? क्लोराइडचा आकडा दीडशे पटींहून मोठा, म्हणून पटकन त्याचंच नाव ओठांवर येतं. प्रत्यक्षात मोलमध्ये (म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येवरून) मोजलं तर क्रोमेट जवळपास पाचपट जास्त विरघळतं.

असं का होतं ते समजून घ्यायला आधी हा गुणाकार कशाचा आहे ते पाहू. जेमतेम विरघळणारा क्षार पाण्यात टाकला की त्याचे थोडे आयन (विद्युतभारित कण) सुटून द्रावणात येतात आणि द्रावणातले काही आयन परत स्फटिकावर जाऊन बसतात. दोन्ही वेग सारखे झाले की द्रावण संपृक्त होतं. अशा द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा (लिटरमागे किती मोल, त्या आकड्यांचा) गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो. ही कल्पना वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडली.

सिल्व्हर क्लोराइडचं गणित सरळ आहे. लिटरभर पाण्यात ‘व’ मोल विरघळलं, तर चांदीचे आयन ‘व’ मोल आणि क्लोराइडचेही ‘व’ मोल. गुणाकार व². वर्गमूळ काढलं की लिटरला १.३ × १०⁻⁵ मोल, म्हणजे साधारण १.९ मिलिग्रॅम.

क्रोमेटमध्ये मात्र एका क्रोमेट आयनामागे चांदीचे दोन आयन असतात. त्यामुळे चांदीची संहती २व होते, आणि गुणाकार मांडताना तिचा वर्गही करावा लागतो: (२व)² × व = ४व³. इथे हमखास चूक होते. ‘दोनने गुणलं, मग वर्ग पुन्हा कशाला?’ असं वाटतं. पण ही दोन वेगळी कारणं आहेत. २व ही द्रावणातली खरी संहती आहे, तर वर्ग येतो तो स्फटिक बांधायला चांदीचे दोन आयन लागतात म्हणून. आता ४व³ = १.१ × १०⁻¹² सोडवलं की घनमूळातून ६.५ × १०⁻⁵ मोल मिळतात. एका आकड्यातून वर्गमूळ काढायचं, दुसऱ्यातून घनमूळ. मग मूळ आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्ही क्षारांत आयनांचं प्रमाण सारखं असेल तरच तशी तुलना चालते.

हाच फरक कार्ल फ्रीडरिश मोर यांच्या क्लोराइड मोजण्याच्या पद्धतीत कामी येतो. क्लोराइडच्या द्रावणात थोडं पोटॅशियम क्रोमेट घालून वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. समजा, क्लोराइड ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) आहे आणि क्रोमेट ०.००५ मोलर. पांढरा सिल्व्हर क्लोराइड खाली बसू लागायला चांदीची संहती १.८ × १०⁻⁹ झाली तरी पुरते. तांबूस सिल्व्हर क्रोमेटला मात्र सुमारे १.५ × १०⁻⁵ लागते. तिथवर पोहोचेपर्यंत द्रावणात क्लोराइड उरतं १.२ × १०⁻⁵ मोलर, म्हणजे सुरुवातीच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम एक. (थेंबांनी वाढलेलं आकारमान इथे धरलेलं नाही.) लाल छटा दिसली की क्लोराइड संपलं असं बिनधास्त मानता येतं. एका वर्गमुळाच्या जोरावर इतकी अचूकता मिळते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच गणितात समान आयनाचा परिणामही आहे. सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्याऐवजी ०.१ मोलर मिठाच्या द्रावणात टाकलं, तर क्लोराइड आधीच भरपूर असल्याने विद्राव्यता १.८ × १०⁻⁹ मोलवर यायला हवी, म्हणजे सात हजार पटींनी कमी. पण हे कागदावरचं उत्तर. क्लोराइड फार वाढलं की ते चांदीशी जोडून विरघळणारे नवे आयन बनवतं आणि विद्राव्यता पुन्हा चढू लागते. दोनच आयन धरून मांडलेलं समीकरण तिथे अपुरं पडतं.

बाजूच्या अभिक्रिया किती महत्त्वाच्या, हे बेरियमच्या क्षारांत दिसतं. विरघळलेलं बेरियम विषारी असतं, तरी पचनमार्गाच्या क्ष-किरण तपासणीआधी बेरियम सल्फेट पाजतात. त्याचा गुणाकार १.१ × १०⁻¹⁰, म्हणजे लिटरला सुमारे अडीच मिलिग्रॅम. बेरियम कार्बोनेटही पाण्यात फारसं विरघळत नाही, पण ते उंदीर मारायला वापरलं गेलं आहे. जठरातलं आम्ल कार्बोनेट आयनांचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतं, गुणाकाराची मर्यादा गाठलीच जात नाही आणि क्षार विरघळत राहतो. सल्फेट आयन मात्र आम्लाशी इतक्या सहज जुळत नाही. त्या क्षाराची विद्राव्यता तिथे फार तर काही पटींनी वाढते.