गड्डा यात्रा (सोलापूर)

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांची मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी वार्षिक यात्रा. कागदोपत्री ती सिद्धेश्वर यात्रा. सोलापूरकर मात्र तिला ‘गड्डा’ म्हणतात, आणि होम मैदानावरच्या पाळण्यांनाही गड्डाच.

सिद्धराम म्हणजेच सिद्धेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी, बसवेश्वर व अल्लमप्रभूंचे समकालीन. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेची (शेवटी येणाऱ्या नावाची) त्यांची कन्नड वचने प्रसिद्ध आहेत. त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापल्याची श्रद्धा आहे. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायला सांगितले, अशी कथा सांगतात. यात्रा म्हणजे त्या लग्नाचा दरवर्षीचा सोहळा. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक (यण्णीमज्जन), दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. पुढे शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळ्ळी (नंदीध्वजांचे वस्त्रविसर्जन). लग्नातली हळद, अक्षता, वरात यांचा क्रम ओळखीचा वाटतो तो यामुळेच.

यात्रेचे मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या. सुमारे ३० फूट उंचीची प्रत्येक काठी एकच जण कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो; त्यासाठी काही आठवडे आधीपासून सराव चालतो. पहिल्या काठीचा मान हिरेहब्बू घराण्याचा, सहाव्या-सातव्या काठीचा मातंग समाजाचा. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त दुतर्फा असतात.

पण ही यात्रा आधी ऐकू येते, मग दिसते. बाळीवेसेकडच्या गल्ल्यांतून हलगीचा कडकडाट पुढे सरकू लागला की काठी अजून वळणापलीकडे असली तरी बायाबापड्या उंबऱ्यावर येतात. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले कातडे, एक जाड टिपरू आणि एक बारीक छडी. हे वादन परंपरेने मातंग कलावंतांनी जपले. थंडीत कातडे सैल पडते, म्हणून वादक मधूनच कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकतात. ती शेकून परत वाजली की आवाज कसा खणखणीत होतो, हे तिथे उभे राहूनच कळावे. सोबत सनई-चौघडा, बँडपथके आणि मधूनच ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ची आरोळी. ना रंगमंच, ना तिकीट. ऐकणारा मिरवणुकीबरोबर चालतो. लोकसंगीताचा असा उघड्यावरचा उत्सव शहरात दुसरा नाही, असे म्हटले तर सोलापुरात कोणी वाद घालणार नाही.

अक्षतांच्या वेळी नूर पालटतो. सम्मतीचे, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचे, कन्नड वाचन सुरू होते. मराठी, तेलुगू बोलणारेही ते कान देऊन ऐकतात. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ उच्चारले जाते आणि प्रत्येक ‘दिड्डम’ला तळ्याकाठी तांदळाचा पाऊस पडतो. शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगता येतोच असे नाही. हात मात्र कोणाचा चुकत नाही.

होमाच्या रात्री काठ्या विद्युत रोषणाईने सजतात. होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून वर्षाची भाकणूक होते. पाऊसपाण्याचा अंदाज ऐकायला शेतकरी थांबून राहतात. कप्पडकळ्ळीने विधी संपतात, हलग्या खुंटीला जातात. होम मैदानावरचे पाळणे आणि भजीचे गाडे मात्र त्यानंतरही काही दिवस हलत नाहीत.