मिस्त्रीचं कसब कागदावर कसं आणायचं? नागपूरच्या बांधकाम कामगारांसाठी माहिती

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतली राख आज विटा होऊन भिंतीत जाते. ही वीट भट्टीत भाजावी लागत नाही, पाणी मारून मुरवली की तयार होते. शेताची वरची माती वाचते आणि भट्टीचा कोळसाही. एएसी ब्लॉकचं, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेल्या हलक्या ठोकळ्याचं, तंत्र त्याहून निराळं. लाल वीट लावण्याआधी भिजवतात, ब्लॉक मात्र बुडवून ठेवायचा नसतो, वरून ओलसर केला की पुरे. सांध्यातला तयार मसालाही जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. रोजीच्या कामासाठी ठिय्यावर (मजूर अड्ड्यावर) उभे राहणारे कितीतरी मिस्त्री हे काम साइटवर बघत बघत शिकले. काम येतं, पण दाखवायला कागद नाही, म्हणून मोठ्या साइटवर भाव ठरवताना ते मागे पडतात.

कागद दोन आहेत आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. एक, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. ती कामगार असल्याची ओळख. दुसरा, कौशल्याचं प्रमाणपत्र. एक काढला म्हणून दुसरा मिळत नाही. दोन्ही काढावेत, असं माझं ठाम मत आहे.

मंडळाच्या नोंदणीसाठी वय 18 ते 60 हवं आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. दिवस सलग असण्याची गरज नाही. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात. आधार आणि बँक पासबुक सोबत ठेवाच. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात, नंतर मूळ कागद घेऊन पडताळणीला जावं लागतं. नोंदणी फी आणि वार्षिक वर्गणी असलीच तर नाममात्र असते. कोणी शेकड्यांत पैसे मागत असेल तर ते शुल्क नव्हे, त्याची दलाली आहे.

अर्ज अडतो तो 90 दिवसांच्या दाखल्यावर. हा दाखला ठेकेदार देतो. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि शहरात महापालिकेचा अधिकृत अधिकारीही देऊ शकतो. काम संपल्यावर ठेकेदाराच्या मागे फिरण्यापेक्षा काम चालू असतानाच सही-शिक्का घ्या. साइट, तारखा आणि कामाचा प्रकार एका वहीत रोज लिहून ठेवला तर दाखला लिहून घेणं सोपं जातं. खोटा दाखला मात्र कधीच लावू नका. आणि रेजांबद्दल, म्हणजे बांधकामावरच्या बायांबद्दल, एक गोष्ट आवर्जून सांगतो. नवरा-बायको एकाच साइटवर राबतात, पण ठेकेदाराच्या कागदावर नाव फक्त नवऱ्याचं येतं. तिचा दाखला वेगळा मागा, कारण तिच्या नोंदणीला तिचेच 90 दिवस लागतात.

आता कौशल्याचं प्रमाणपत्र. जुन्या मिस्त्रीला पुन्हा पहिलीपासून शिकायची गरज नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. त्यासाठी वय 18 ते 59. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि मोबाइलच्या ओटीपीने नोंदणी करायची. केंद्रावर आधी तुमचं काम पाहतात, राहिलेलं थोडक्यात शिकवतात, मग बाहेरचा परीक्षक प्रत्यक्ष काम करून घेतो. उमेदवाराला शुल्क नाही. पण बॅच कायम चालू नसतात, तेव्हा रोजी बुडवून जाण्याआधी केंद्राला फोन करा आणि राखेच्या विटा किंवा ब्लॉकचं बांधकाम त्या कोर्समध्ये आहे का, तेही विचारा.

सिम बदललं असेल तर ओटीपी जुन्या नंबरवर जातो, म्हणून आधी आधारमधला मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्या. आधार आणि पासबुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, तेही बघा.

नव्याने शिकणाऱ्या तरुणांसाठी आयटीआयचा एक वर्षाचा मेसन (गवंडीकाम) ट्रेड आहे, आठवी पास चालतं. सोलरच्या कामाकडे जायचं असेल तर दहावीनंतर इलेक्ट्रिकलशी जोडलेला सोलर टेक्निशियन ट्रेड बघा. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो.

मंडळाची नोंदणी वर्षभरच चालते. नूतनीकरणाला 90 दिवसांचा नवा दाखला लागतो, म्हणून कार्ड हातात आलं त्याच दिवसापासून वही पुन्हा सुरू करा.