ध्वनिदुरुस्ती प्लगइन

बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात शिरलेली खरखर, गुणगुण, टिकटिक, फाटलेला आवाज किंवा खोलीचा घुमारा कमी करण्यासाठी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडली जाणारी साधने. इक्वलायझर (निरनिराळ्या वारंवारतांची पातळी कमी-जास्त करणारे साधन) आवाजाला फक्त घाट देतो. दुरुस्तीची साधने मात्र नको ते वेगळे काढतात आणि जे हरवले आहे ते अंदाजाने भरतात. अंदाज चुकला की दुरुस्ती मूळ दोषापेक्षा जास्त कानाला खुपते.

सुरुवात डी-क्लिपने करतात. पातळी मर्यादेपलीकडे गेल्यावर तरंगाचे माथे सपाट कापले जातात. डी-क्लिप आजूबाजूच्या शाबूत तरंगावरून ते पुन्हा रचते. रचलेले माथे जुन्या मर्यादेच्या वर जाणार, म्हणून आधी पातळी ३ ते ६ डेसिबल उतरवतात किंवा ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे मर्यादेवर गेलेले माथेही न कापणाऱ्या स्वरूपात, काम करतात. हे काम मागे ठेवले, तर मधल्या प्रक्रियांत सपाट माथ्यांचा आकार बदलतो आणि प्लगइनला ते ओळखता येत नाहीत.

विजेची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत असते. ती काढणारे डी-हम त्या वारंवारतांवर खाच पाडून तेवढाच भाग दाबते. ही खाच अरुंद ठेवावी. पुरुषी आवाजाचा पाया १०० हर्ट्झच्या आसपासच असल्याने रुंद खाचेने आवाज पोकळ होतो.

खरखर काढणे हे सर्वांत नाजूक काम. स्टीव्हन बॉल यांनी १९७९ मध्ये मांडलेली वर्णपट-वजाबाकीची पद्धत (वर्णपट म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे याचा आलेख) खरखर काढणाऱ्या अनेक डी-नॉइज साधनांच्या मुळाशी आहे: कोणी बोलत नसतानाचा तुकडा नमुना म्हणून दाखवायचा, आणि प्लगइन प्रत्येक वारंवारता-पट्ट्यातून तेवढा गोंगाट वजा करते. नमुना दोन-तीन सेकंदांचा पुरतो, पण त्यात श्वास आला तर घात होतो. श्वास आणि ‘स’, ‘श’ यांचा वर्णपट जवळचा असल्याने प्लगइन तेही गोंगाटात धरते आणि उच्चार बोथट होतात. जोर जास्त झाला की काही पट्टे उंबरठ्यावर उघडझाप करतात. त्यातून पाण्याखालून बोलल्यासारखा, किणकिणता आवाज येतो. एकदाच २० डेसिबल ओरबाडण्यापेक्षा ५-६ डेसिबलच्या दोन फेऱ्या बहुधा बऱ्या. यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या साधनांना नमुना लागत नाही, मात्र शब्दांची हळू होत जाणारी शेपटी ती सहज खातात.

घुमारा सर्वांत हट्टी, कारण तो आवाजाचीच उशिरा आलेली प्रत असतो.

‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुत्कार साधारण १५० हर्ट्झच्या खाली साठतो. तेवढाच तुकडा निवडून दुरुस्त करावा. तोंडातील टिकटिक काही मिलिसेकंदांची असते. डी-क्लिकची संवेदनशीलता वाढवली, तर ‘ट’ आणि ‘क’ यांचा स्फोटही तिला टिकटिकच वाटतो.

मात्रा ठरवायला बहुतेक प्लगइनमध्ये फक्त काढलेला भाग ऐकवणारे बटण असते. त्यात शब्द कळू लागले, तर प्रमाण कमी करावे. कॉम्प्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी करणारे साधन) दुरुस्तीनंतरच लावावा. तो आधी लावला, तर विरामांतला गोंगाट वर येतो आणि त्याची पातळी बोलण्याबरोबर हलू लागते. मग एकच नमुना सगळीकडे लागू पडत नाही. कापलेल्या जागी निव्वळ शांतता ठेवली की कानाला भोक जाणवते. तिथे त्याच खोलीचा, त्याच प्रक्रियेतून गेलेला रिकामा आवाज भरतात, म्हणून मुद्रणाच्या वेळीच तो निदान ३० सेकंद टिपून ठेवतात.